हवामान-करार : ओझे कोणाच्या खांद्यावर ?

(शेगाव येथे कार्यकर्त्यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेगावहून अकोल्याकडे निघालेल्या गाडीने नागझरीचे स्थानक मागे टाकले की थोड्याच वेळात पारसच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दृष्टीस पडतात. श्रींच्या दर्शनासाठी या मार्गाने येणाऱ्या लक्षावधी यात्रेकरूंना ती परिचित आहेत. पॅरिस येथे १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत झालेला आंतरराष्ट्रीय हवामान-करार आणि आपल्या दाराशी असलेले हे पारस यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. नावांतील साम्य हा निव्वळ योगायोग होय. संबंध मात्र योगायोगाचा नाही. या कराराचा देशाच्या अर्थव्यवस्थेवर कोणता परिणाम होणार, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या अहवालांत जितके सापडेल तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते पारसच्या फाटकाशी आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सापडेल.

हा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की, हे करार म्हणजे श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांचा विकास रोखण्यासाठी रचलेला डाव आहे. कोळसा बंद केला की कारखाने बंद पडतील. दुसरे मत असे की, सूर्य आणि वारा फुकट असल्यामुळे नवे उद्योग निघतील, नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि राष्ट्रीय उत्पन्न वाढतच राहील. पहिल्या मताचे लोक राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के तोटा होईल ते सांगतात, दुसरे किती टक्के नफा होईल ते सांगतात. दोघेही ‘देश’ हा एकच माणूस आहे असे समजून चालतात. देशाला तोटा झाला, देशाला नफा झाला ही भाषा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सोयीची असेल. परंतु देशात उद्योगपतीही आहे आणि पारसला राख वाहून नेणारा कंत्राटी मजूरही आहे. एकाच कराराने एकाचा नफा आणि दुसऱ्याचा रोजगार या दोन्ही गोष्टी घडू शकतात. तेव्हा प्रश्न किती टक्क्यांचा, हा नंतरचा. ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हा आधीचा.

प्रथम राष्ट्राराष्ट्रांमधील हिशेब पाहू. त्यासाठी फार दूर जावयास नको, शेजारच्या खामगावपर्यंत गेले तरी पुरे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे डोळे लागले. खामगावच्या बाजाराला त्या काळी जी तेजी आली, तिच्यामागे हे कारण होते. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉयने यावे, हे भक्तिभावाने घडलेले नव्हते. कापूस येथून गेला, तो कातला गेला इंग्लंडातील कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांत, आणि कापड होऊन पुन्हा येथेच विकावयास आला. त्या गिरण्यांनी सोडलेला कर्बवायू शतकानुशतके वातावरणात टिकणारा आहे. त्याचा नफा एका देशात जमा झाला आणि त्याचा धूर मात्र सर्व जगाच्या माथी आला. वऱ्हाडातला शेतकरी या व्यवहारात कच्चा माल पुरविणारा होता. आज त्याच्या शेतावर पाऊस वेळेवर येत नाही, याचा जाब त्याने कोणाला विचारावा?

औद्योगिक क्रांतीपासून आजवर जगात सोडल्या गेलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. जगाच्या लोकसंख्येत सहाव्या हिश्शाहून अधिक वाटा असलेल्या भारताचा भाग तीन-चार टक्क्यांच्या आसपास भरतो. आजही दरडोई हिशेब केला तर भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन आणि अमेरिकन माणसामागे त्याच्या सातपटीच्या आसपास उत्सर्जन होते. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी या असमान जगाकडे बोट दाखविले आणि भातशेतीतून, गुराढोरांतून निघणारा वायू व मोटारीतून निघणारा वायू यांना एकाच तागडीत तोलता येणार नाही, एक पोटासाठी आहे आणि दुसरा चैनीसाठी, हा भेद मांडला. १९९२ साली रिओ येथे झालेल्या आराखडा-करारात जबाबदारी सर्वांची, परंतु ती प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे व पूर्वकृत्यांप्रमाणे वेगवेगळी, हे तत्त्व लिहिले गेले. १९९७ च्या क्योटो करारात त्याप्रमाणे केवळ श्रीमंत राष्ट्रांवर कपातीचे बंधन आले. अमेरिकेने २००१ साली त्याकडे पाठ फिरविली. पुढे पॅरिसमध्ये बंधनच काढून टाकण्यात आले आणि प्रत्येक राष्ट्राने आपापले वचन आपणच ठरवावे असे झाले. त्या सैल करारातूनही अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये आत आली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. धर्मशाळेत शिरावे-निघावे तसा हा प्रकार आहे.

भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी पॅरिस कराराला मान्यता दिली. २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा झाली. २०२२ मध्ये वचने सुधारण्यात आली. २००५ च्या तुलनेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करावयाचे आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायू यांखेरीज अन्य साधनांची असावी, हे त्यांतले मुख्य. क्षमतेचे उद्दिष्ट २०२५ सालीच गाठले गेले, असे सरकारने अभिमानाने सांगितले. येथे एक सावधगिरी हवी. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या दोन गोष्टी भिन्न आहेत. सूर्य रात्री तळपत नाही. म्हणून देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग २०२५ मध्येही कोळशाचाच होता. ही वचने पाळली नाहीत तर दंड नाही, शिक्षा नाही. मग ज्या करारात सक्ती नाही, त्याचा अर्थव्यवस्थेवर परिणाम तरी काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु सक्ती दाराने आली नाही तर खिडकीने येते. युरोपीय संघाने कार्बन सीमाकराची योजना आखली. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिची माहिती गोळा करण्याची पायरी सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी माल युरोपात पाठवावयाचा असेल तर तो तयार करताना किती कर्बवायू सुटला याचा दाखला द्यावयाचा आणि त्याप्रमाणे आकार भरावयाचा. रिओमध्ये कबूल केलेली ‘वेगवेगळी जबाबदारी’ या करात कोठेच दिसत नाही. भारतीय भट्टी आणि जर्मन भट्टी यांना एकच माप लावले जाते. शिवाय हा पैसा जमा होणार तो युरोपच्या तिजोरीत. माल पाठविणाऱ्या देशाने स्वतःच कार्बनवर कर बसविला तर तेवढी वजावट मिळते. म्हणून भारतालाही आपल्या कारखान्यांसाठी कार्बन-व्यापाराची योजना २०२३ साली अधिसूचित करावी लागली. पॅरिसने जे ऐच्छिक ठेवले ते ब्रुसेल्सने अशा रीतीने सक्तीचे केले.

शेजारच्या जालन्यातील सळई बहुतांशी देशातल्या देशातच खपते, तेव्हा तिला युरोपच्या कराची झळ काय, असे म्हटले जाईल. झळ उलट्या बाजूने लागण्याचा संभव आहे. ज्या मोठ्या कंपन्यांकडे भांडवल आहे त्या आपला स्वच्छ माल युरोपला पाठवतील आणि धुराचा माल स्वदेशी बाजारात आणतील. त्या स्पर्धेत लहान कारखानदार पिचेल, आणि त्याच्याकडील कामगार त्याहून आधी. जागतिक व्यापाराच्या सौद्यातील घाटा कोणाच्या वाट्याला जातो, याचा अनुभव या भागाला नवा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लादला. कापडगिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. वॉशिंग्टनने दिलेला धक्का सुरतेच्या आणि तिरुपूरच्या मालकाला लागू नये म्हणून तो वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाकडे सरकविण्यात आला. नवा कापूस बाजारात येण्याचे दिवस होते, हे विशेष. हवामान-कराराचे परिणामही याच पन्हळीतून वाहत येणार, ही भीती म्हणूनच अनाठायी नाही.

आता पारसकडे वळू. येथे साठच्या दशकापासून वीज तयार होते. जुने संच बंद झाले. आज असलेले २५० मेगावॉटचे दोन संच अनुक्रमे २००८ आणि २०१० साली सुरू झाले. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे १ कोटी २० लाख युनिट वीज होते आणि त्यासाठी आठ हजार टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. म्हणजे रोज वाघिणींच्या दोन मोठ्या गाड्या. हा कोळसा रेल्वेने येतो, आणि रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळजवळ निम्मा वाटा कोळशाचा आहे. रेल्वेच्या तिकिटावर अनेक वर्षे एक ओळ छापलेली असे, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम प्रवाशाकडून वसूल होते. उरलेला खर्च मालवाहतुकीच्या नफ्यातून भागतो. म्हणजे शेगावच्या वारीला येणाऱ्या गरीब यात्रेकरूच्या तिकिटाचा काही भाग कोळसा भरत आलेला आहे. उद्या कोळसा कमी झाला तर रेल्वेच्या या हिशेबातील खिंडार कोण बुजविणार ? भाडे वाढवून यात्रेकरूच बुजविणार काय ? ऊर्जा-संक्रमणावरील चर्चांत या प्रश्नाला फार थोडी जागा मिळते. चर्चा करणारे बहुधा विमानाने जातात.

कोळशावर कर बसवावा, म्हणजे त्याचा वापर घटेल आणि आलेल्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी राहील, हे तत्त्व अर्थशास्त्राला धरून आहे. भारताने ते २०१० सालीच स्वीकारले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दर टनाला ५० रुपये उपकर बसविण्यात आला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीसाठी तो होता. पारसचा आठ हजार टनांचा हिशेब धरला तर हे दिवसाला ३२ लाख रुपये होतात, आणि प्रत्येक युनिटमागे पाव रुपयाहून थोडे अधिक. हा भार अखेर वीजबिलातूनच वसूल होतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांना नुकसानभरपाई देण्याच्या खात्यात वर्ग झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने गोळा होणारा पैसा करव्यवस्थेचे भोक बुजविण्याकडे वळला. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकर उठविण्यात आला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. ती रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जाते. पंधरा वर्षांच्या या इतिहासात कोळशाच्या खाणीतील अथवा वीजकेंद्रातील कामगाराला पर्यायी रोजगार मिळावा म्हणून स्वतंत्र निधी उभा राहिला नाही. याचा दोष पॅरिसला किंवा ब्रुसेल्सला देता येणार नाही. हा निर्णय येथलाच होता.

आणि रोजगाराचा प्रश्न दूरचा नाही. औष्णिक संचाचे हिशेबी आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. त्या मापाने पारसचे संच २०३३ आणि २०३५ च्या सुमारास त्या टप्प्याला पोहोचतील. अर्थात डागडुजी करून ते पुढेही चालविता येतील. परंतु त्याआधीच दिवसा स्वस्त सौर वीज आली की महाग संच मागे ठेवण्याची पद्धत आहे. संच थांबला तरी त्याच्या भांडवलापोटीचा स्थिर आकार वीजमंडळाला, म्हणजे पर्यायाने ग्राहकाला, द्यावाच लागतो. ग्राहक नव्या विजेचेही पैसे भरतो आणि बंद संचाचेही. कायम नोकरीतल्या कामगाराची बदली होईल, त्याची संघटना आहे, सेवानियम आहेत. कंत्राटी कामगाराचे काय ? राख उचलणारा, वाघिणी रिकाम्या करणारा, साफसफाई करणारा माणूस एका ठेकेदाराकडून दुसऱ्या ठेकेदाराकडे हस्तांतरित होत राहतो. पंधरा वर्षे त्याच जागी काम करूनही कागदोपत्री तो त्या केंद्राचा कोणीच नसतो. फाटकाबाहेरचा चहावाला, खानावळ चालविणारी बाई, मालमोटारीवरचा क्लीनर यांची तर कोठे नोंदही नसते. पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी ‘न्याय्य संक्रमणा’चा उल्लेख आहे. ज्याचे नावच हजेरीपटावर नाही त्याच्यासाठी संक्रमण न्याय्य कसे करणार ?

अर्थशास्त्राचे ठोकताळे येथे कसे फसवितात, तेही पाहण्यासारखे आहे. हवामानबदलाचे नुकसान पुढच्या पिढ्यांना होणार, खर्च मात्र आज करावयाचा. तेव्हा उद्याच्या रुपयाची आजची किंमत काय धरावी, यावर सारा वाद आहे. पन्नास वर्षांनी होणारे १०० रुपयांचे नुकसान दरसाल पाच टक्क्यांनी वटविले तर आज ते पावणेनऊ रुपयांचे दिसते, १.४ टक्क्यांनी वटविले तर तेच पन्नास रुपयांचे. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या आपल्या अहवालात १.४ टक्क्यांच्या आसपासचा दर धरला आणि आजच मोठा खर्च करा असे सांगितले. विल्यम नॉर्डहाऊस यांनी, ज्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, बराच अधिक दर धरला आणि सावकाश चला असा सल्ला दिला. गणित दोघांचेही चुकलेले नाही. नातवाच्या तहानेला आज किती भाव द्यावयाचा, हा गणिताचा प्रश्नच नव्हे, तो नीतीचा आहे. सावकाराने व्याजाचा दर ठरवावा तसा तो ठरवून चालत नाही.

दुसरी फसगत सरासरीची. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात हे सांगितले, तेव्हा सरकारने पंधरा आण्यांची सरासरी पुढे केली होती. तोच वाद आज कर्बवायूच्या संदर्भात मांडावा लागेल. दरडोई दोन टनांची सरासरी परिषदांमध्ये भारताच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे, आणि तो तेथे मांडलाच पाहिजे. पण त्या दोन टनांच्या आडोशाला मलबार हिलवरील वातानुकूलित महाल आणि संग्रामपूर तालुक्यातील कुडाची झोपडी एकत्र बसलेली आहेत. बाहेर गरिबांच्या नावाने जी सवलत मागावयाची ती देशात श्रीमंतांनी उपभोगावयाची, हे समाजवाद्यांना मान्य होण्याजोगे नाही.

स्वच्छ ऊर्जा म्हणजे आपोआप न्याय्य ऊर्जा, हाही एक भ्रम आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती आली. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू स्वागतार्हच आहे. रात्री-अपरात्री विंचवाकाट्यांतून पंप सुरू करावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावयास नको. जमीन भाड्याने देणाऱ्या खातेदाराला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. कोरडवाहू शेतीत एवढे उत्पन्न कोणत्या पिकात आहे ? परंतु त्या जमिनीवर निंदणीला, वेचणीला येणाऱ्या बाईची मजुरी बुडाली तिचा उल्लेख करारपत्रात नाही. सरकारी जमिनी आणि गायराने यांवरही हे प्रकल्प उभे राहत आहेत. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह उभारले, त्यांत अशा पडीक जमिनींचाच प्रश्न होता. दोन-दोन पिढ्या गायरान कसणाऱ्या दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांचे कब्जे अजून अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर आलेले नाहीत. काचेची तावदाने आधी आणि सातबारा नंतर, असा क्रम लागला तर सूर्यप्रकाशाचीही एक जमीनदारी तयार होईल.

आता खारपाणपट्ट्याकडे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे आणि शेगाव तालुक्याचा मोठा भाग त्यात येतो. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खोदून ओलीत करावे तर जमीनच बिघडते. म्हणून येथला शेतकरी पावसावर इतरांपेक्षा अधिक अवलंबून. महिनाभराची उघडीप पडली की दुबार पेरणी, आणि मग दोन दिवसांत चार आठवड्यांचा पाऊस कोसळला की काळी जमीन तुंबते, कपाशी पिवळी पडते. हवामानाशी जुळवून घेण्यासाठी या भागाला पैसा हवा, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले होते. ते त्यांच्याच हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यांतील सार्वजनिक पैशाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग कर्ज होता. २०२४ च्या नोव्हेंबरात बाकू येथे गरीब राष्ट्रांनी वर्षाला तेराशे अब्ज मागितले; श्रीमंतांनी २०३५ पर्यंत तीनशे अब्जांवर नेऊ असे सांगून हातोडा आपटला. भारताच्या प्रतिनिधीने तेथेच भर सभेत हरकत नोंदविली.

त्या मोठ्या आकड्यांचे या मुलखातील रूप म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सरकारी भाषेत ‘पोकरा’ म्हणतात. मराठवाडा-विदर्भातील पाच हजारांहून अधिक गावे त्यात घेण्यात आली आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे मुद्दाम समाविष्ट झाली. शेततळी, ठिबक, फळबागा, बीजोत्पादन अशी उपयुक्त कामे त्यात आहेत, आणि काही गावांत त्यांचा लाभ झालाही असेल. मात्र त्यामागील पैसा कोणता ? जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज, २०१८ साली करार झालेले, सहा वर्षांची सवलत आणि एकूण चोवीस वर्षांची मुदत. ज्यांनी हवा बिघडविली त्यांच्याच वर्चस्वाखालील बँकेकडून, बिघडलेल्या हवेत तग धरण्यासाठी, वऱ्हाडने कर्ज काढावयाचे आणि ते २०४२ पर्यंत व्याजासह फेडावयाचे. याला साहाय्य म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शिवाय अनुदानाची रीत अशी की, शेतकऱ्याने आधी खर्च करावा आणि मग रक्कम खात्यात जमा व्हावी. ज्याच्या गाठीला पैसा आहे किंवा ज्याला सावकार उभा करतो तोच पुढे येतो. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारख्या बाबी ठेवल्या आहेत. पण ज्या योजनेचा कणाच जमीन आहे तीत बिनजमिनीच्या माणसाचा वाटा शेपटीएवढाच राहणार.

मग करारच नको, असे म्हणावे काय ? काही जुने सहकारी असे म्हणतातही. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद, आधी कारखाने आणि मग स्वच्छ हवा, ही विचारसरणी डाव्या चळवळीतही एकेकाळी रुजलेली होती. पण करार नसण्याचीही एक किंमत आहे आणि ती मराठवाड्याने मोजलेली आहे. २०१५ च्या जुलैत परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद पडले. ते युरोपच्या कराने नव्हे, कोणत्या हरित न्यायालयाच्या हुकुमानेही नव्हे. खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून. कोळसा होता, संच होते, कामगार होते, पाणी नव्हते. त्या काळात ज्या कंत्राटी मजुराचे काम गेले, त्याला पॅरिसचे नावही ठाऊक नसावे. करार तर त्यानंतर पाच महिन्यांनी झाला. दुष्काळ पडला की पहिल्यांदा नुकसान कोरडवाहू शेतकऱ्याचे, ऊसतोडीला जाणाऱ्याचे, पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचे. महालात टँकर येतो. म्हणून जगाने उत्सर्जन लवकर आणि मोठ्या प्रमाणावर कमी करावे, यात श्रीमंतांपेक्षा गरिबांचाच स्वार्थ अधिक आहे. कराराला विरोध हे गरिबांचे धोरण होऊ शकत नाही. कराराचे ओझे वाटण्याची रीत बदलणे, हे मात्र होऊ शकते.

परिषदांत भारताने काय बोलावे यावर येथे बसून फारसा परिणाम घडविता येणार नाही. पण काही कामे अशी आहेत की ती शेगाव, बाळापूर, संग्रामपूर या तालुक्यांतच होऊ शकतात. पारसमधील कंत्राटी कामगारांची नावनिशीवार यादी, कोण किती वर्षे कोणत्या कामावर आहे यासह, अद्याप संघटनेने स्वतः केली पाहिजे. व्यवस्थापनाकडून मागून ती मिळणार नाही, आणि संच बंद करण्याची चर्चा सुरू झाल्यावर केली तर ती उशिरा केलेली ठरेल. फाटकाबाहेर पोट भरणाऱ्यांची नोंद त्याच वहीत हवी. ज्या गावांत सौर प्रकल्पासाठी गायरान मागितले जाईल तेथे ग्रामसभेत ठराव येण्यापूर्वी कसणाऱ्यांचे कब्जे आणि चराईचे हक्क लिहून ठेवावयास हवेत. ठराव झाल्यावर लिहिलेल्या कागदाला तहसीलदार किंमत देत नाही, हा अनुभव आहे. आणि ‘पोकरा’च्या लाभार्थींच्या याद्या गावोगाव ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. किती शेततळी झाली, कोणाच्या शेतात झाली, त्यांत किती दिवस पाणी टिकते, आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांतल्या किती जणांना काय मिळाले, एवढे प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होईल. कर्जाचे हप्ते सर्वांच्या करातून जाणार आहेत. ती शेततळी कोणाची झाली हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे बिनजमिनीच्या माणसालाही आहे.